हद्दीवरचे कापडी बूट

नाशिकहून निघताना सामानात एक पिशवी नुसती विलासच्या पायांची होती. नवे बूट, पांढऱ्या सुती मोज्यांचे सहा जोड, पट्ट्या, औषध आणि एक हातआरसा. विलास माझा नवरा. त्याला पंधरा वर्षं मधुमेह आहे आणि तळपायांची संवेदना जवळजवळ गेली आहे. गेल्या उन्हाळ्यात कातडी बुटांत घाम साचून डाव्या पायाला फोड आला. त्याला कळलाच नाही. कळला तेव्हा करंगळी काढावी लागली. डॉक्टर मला म्हणाले, "त्यांचा पाय आता बोलत नाही. तुम्ही डोळ्यांनी बघायचं. पुढची जखम बोटावरच थांबेल असं नाही."

तरीही जायचं होतं. विलासचं गाव आदिलाबाद जिल्ह्यात, जैनथजवळ. तिथल्या शेताची मोजणी ठरली होती. चार कोपऱ्यांचे चार दगड. त्यातला उत्तरेचा दगड सासऱ्यांनी रोवला तेव्हा विलास बारा वर्षांचा होता आणि धाकटा भाऊ सुभाष पाळण्यात. आता त्या बाजूला झुडपं माजली आहेत, आणि शेजारी म्हणतो की दगड कधी नव्हताच. दगड ओळखणारा माणूस एकच उरला आहे, आणि त्याला एप्रिलच्या उन्हात शेतातून चालायला लावणं भाग होतं. मग ठरवलं, चालेल. पण मी सांगेन त्या बुटांत.

बुटांचा अभ्यास मी दोन आठवडे केला. उघडी चप्पल बाद, कारण बोटं उघडी. कातडी बाद, कारण घाम. शेवटी जाळीदार कापडाचे, पिसासारखे हलके बूट निवडले. आतून शिवण कुठे टोचते का ते हात घालून तपासलं. आपण फार शहाणपणाची खरेदी केली अशा समाधानात मी गाडीत बसले.

नांदेड आणि किनवट मागे टाकून गाडी सकाळी आदिलाबादला पोचली. दहा वाजायचे होते आणि फलाट तापायला लागला होता. सुभाष स्कूटर घेऊन आला होता. आम्ही ऑटोने त्याच्या मागे निघालो. दोन्ही बाजूंना काळी जमीन, भेगाळलेली. कापूस वेचून झालेला, पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडं) कापून नेलेली, आणि तिचे टोकदार खुंट रांगेने उभे. ते खुंट बघताना माझं समाधान थोडं कमी झालं.

जेवायला ज्वारीची भाकरी आणि पुंटीकूर होती. पुंटीकूर म्हणजे आपली अंबाडीच. जावेने ती डाळ घालून, वर लसणाची फोडणी देऊन केली होती. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या. विलासला दीड दिली. सासरी मी त्याला "अहो" म्हणत असले तरी भाकरी मोजून देते हे सगळ्यांना माहीत आहे.

जेवण झाल्यावर सुभाषने बूट हातात घेऊन उन्हाकडे धरले. जाळीतून पलीकडचं अंगण दिसत होतं.

"वहिनी, हे काऊन आनले? हे तं पीठ चाळायची चाळनी हाय."

"भाऊजी, हवा खेळावी म्हणून आणले."

"हवा खेळन. पन धुऱ्यावरची कुसळं बी खेळतीन ना. चला दादा, वीस पावलं चालून दाखवू वहिनीले."

धुरा म्हणजे शेताचा बांध. त्यावरचं गवत वाळून पिवळं पडलं होतं. विलास वीस पावलं गेला, वीस पावलं आला. मी त्याला बाजेवर बसवून बूट काढला आणि आत हात घातला. कुसळं जाळीतून सरळ आत शिरली होती. सतरा काढली. तीन मोज्यात अडकलेली, एक कातडीला टेकलेलं.

"टोचत होतं का हो?" मी विचारलं.

"छे, मस्त गार वाटत होतं," विलास म्हणाला.

मी कुसळं रुमालात बांधली आणि सुभाषला म्हटलं, "भाऊजी, बाजारात चला."

आदिलाबादच्या बाजारात आम्ही तिघं चारच्या सुमाराला पोचलो. वेळ मी मुद्दाम निवडली होती; उन्हात दिवसभर पाय थोडे सुजतात, आणि सकाळी घेतलेला बूट दुपारी आवळतो. एका दुकानात शिरलो. दुकानदार साधारण माझ्याच वयाचा, कपाळाला आडवं गंध. हसून म्हणाला, "चेप्पंडी, अम्मा."

"चप्पल नको. बूट दाखवा," मी म्हटलं.

"हां हां, चेप्पंडी."

"चप्पल नको म्हटलं ना! बंद बूट पाहिजेत, पुरुषाचे."

तो गोंधळून पुन्हा म्हणाला, "अदे अम्मा, चेप्पंडी," आणि मी आवाज चढवणार एवढ्यात सुभाष पोट धरून हसायला लागला.

"वहिनी, तो चपला नाई इकून राह्यला. 'सांगा' म्हनते तुमाले! तेलुगूत चप्पल बी चेप्पु आन सांग बी चेप्पु."

विलास शेजारी उभा राहून हसत होता. त्याला चांगलं तेलुगू येतं. त्याने मुद्दाम सांगितलं नव्हतं. दुकानदारही हसला आणि मराठीत म्हणाला, "मले मराठी येते ना, अक्का. सांगा, काय पायजे?"

मी सांगितलं. हलका, बंद, हवा जाणारा, कुसळ न जाणारा. त्याने पाच जोड काढले. प्रत्येक बुटाच्या कापडाला तोंड लावून मी फुंकर मारली. ज्याच्या आत धरलेल्या तळहाताला वारा लागला, तो बूट पुढच्या फेरीत गेला. मग रुमाल सोडला आणि कुसळांनी कापड टोचून पाहिलं.

"अक्का, बूट घ्याले आल्या का त्याची परीक्षा घ्याले?"

"परीक्षा. नापास झाले तर घेणार नाही."

पास झाला तो जाड सुती कापडाचा, मातकट रंगाचा, रबरी तळव्याचा. दिसायला अगदी सामान्य. वजन जाळीच्या बुटापेक्षा जास्त, पण कातडी बुटाच्या निम्मंही नाही. दुकानातलाच एक कातडी बूट घेऊन शेजारच्या किराणावाल्याच्या काट्यावर तिन्ही ठेवून खात्री केली. किराणावाल्याने काटा पुसून घेतला, तो त्याचा हक्क. जाळीच्या बुटातला मऊ तळ काढून मी या बुटात बसवला. त्यामुळे एक माप मोठं घ्यावं लागलं. विलास उभा राहिला तेव्हा पुढे अंगठ्याएवढी जागा उरली. तेवढी हवीच.

मोजणीला दोन दिवस होते. नवा बूट एकदम दिवसभर घालायचा नसतो. मी त्याला सकाळ-संध्याकाळ अर्धा तास अंगणात चालवलं आणि दर वेळी आरसा धरून तळवे पाहिले. जाऊ म्हणाली, "ताई, बैलाले बी इतकं कोनी पाहत नाई."

मोजणीच्या दिवशी सर्वेअर सातला हजर झाला. तरुण, चटपटीत, हैदराबादी हिंदी बोलणारा. शेजारीही आला. पहिला दगड सापडला, मी विलासला बसवून बूट काढले. पाय कोरडे, मोजे पांढरे. दुसरा दगड, पुन्हा तेच. विलास पुटपुटला, "लोकांसमोर काय हे." शेजारी सुभाषला म्हणाला, "तुहा भाऊ मोजनीले आला का नाल ठोकाले?" सगळे हसले. मी मोजे चढवले.

तिसऱ्या दगडापाशी बाभळीची सावली होती. सगळे तिथे पाणी प्यायले. विलास म्हणाला, "आता एकच राहिला. बूट राहू द्या."

"बसा."

"अगं, काही झालेलं नाही. मला कळत नाही का?"

"नाही, तुला कळत नाही! बस खाली!"

गावात मी त्याला पहिल्यांदाच "तू" म्हटलं. सुभाष दुसरीकडे बघायला लागला. विलास बसला. उजवा बूट काढला, तर टाचेजवळ पांढऱ्या मोज्यावर ज्वारीच्या दाण्याएवढा लाल ठिपका. रबरातून बाभळीचा काटा आरपार गेला होता. सावलीत उभं राहण्याचा मोह मलाही झाला होता. बाभळीखाली काटे असतात हे माझ्याही डोक्यात आलं नाही. विलास त्या ठिपक्याकडे बघत राहिला. मग कुणी हसलं नाही.

काटा काढला, जखम धुतली, औषध लावून पट्टी केली. सर्वेअरने विचारलं, "पत्थर की शिनाख्त कौन करेंगे अब? मेरे को आज ही नक्शा देना है."

"हेच करतील," मी म्हटलं. "पण आता एक पाऊल चालायचं नाही. भाऊजी, बंडी आणा."

बंडी म्हणजे बैलगाडी. अर्ध्या तासात आली. विलास पाय लांब करून त्यात बसला, मी त्याचं पाऊल मांडीवर धरून बसले, आणि आम्ही खुंटांवरून हेलकावत उत्तरेच्या कोपऱ्याला गेलो. विलासने झुडपांकडे पाहिलं, बंडी चार हात मागे घ्यायला सांगितली, पुन्हा पाहिलं. "पळसाच्या बुंध्यापासून बाबांची पाच पावलं," तो म्हणाला. "बाबा लहान चणीचे होते. साडेचार धरा." सुभाषने खणलं. हातभर मातीखाली दगड वाजला. शेजाऱ्याने तो स्वतः हात लावून पाहिला आणि टोपी नीट केली.

दुपारीच आदिलाबादला दवाखान्यात जाऊन जखम दाखवली, सुई घेतली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेवर आलात. दोन दिवसांनी परतीची गाडी धरली. विलासचा पाय समोरच्या बाकावर, उशीवर.

जखम भरली. ते कापडी बूट मी ठेवले आहेत. तळव्याच्या आत आणखी एक जाड थर बसवून घेतला. उन्हाळ्यात रानात चालणाऱ्या पुरुषांसाठी कुणी मला बूट विचारले, तर मी हेच सांगते आणि पुढे म्हणते की मोजे पांढरे घ्या. कापड कितीही पारखून घेतलं तरी कधीतरी एक काटा आत येतोच.

नाशिकला परत आल्यावर पहिल्या संध्याकाळी मी आरसा घेऊन उठणार होते. त्याआधी विलास स्वतःच खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला, मोजे काढले आणि दोन्ही पाय पुढे केले.

"चेप्पंडी," तो म्हणाला.

मी चष्मा लावला.