माझ्या गालावरचे प्रयोग

नाशिकमध्ये मला ज्यांचा ज्यांचा म्हणून राग येतो, त्या सगळ्यांना तराजूच्या एका पारड्यात घातलं आणि दुसऱ्यात आमच्या एकट्या साडूंना बसवलं, तरी साडूंचं पारडं जमिनीला टेकेल. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. सातपूरच्या एका कारखान्यात तयार मालातली खोट काढण्यात त्यांनी उभी नोकरी घालवली. निवृत्त झाल्यावर माल संपला, खोट काढण्याची सवय तेवढी शिल्लक राहिली, आणि नेमका त्याच वेळी त्यांच्या लेकीनं त्यांना कॅमेरा भेट दिला. तेव्हापासून ते उजेडातली खोट काढतात. मिसळ खायला गेलो तर ती समोर येऊन गार होईपर्यंत टेबलं बदलत राहतात, कारण काय, तर "या दिव्याखाली चांगला धडधाकट माणूस कावीळ झाल्यासारखा दिसतो." एका लग्नात तर फोटोग्राफर नवरीवर समोरून फ्लॅश मारतोय असं दिसताच हे दोन्ही हात पसरून मधे उभे राहिले आणि ओरडले, "अहो, हा उजेड नाही, ही मारहाण आहे!" मंगलाष्टकं थांबली. लग्न माझ्या पुतणीचं होतं. त्या मंडपात त्यांचा आणि माझा काही संबंध नाही, असं मी दोन-तीन जणांना तरी सांगितलं असेल.

पण हे सगळं मी सोसलं. सोसलं नाही ते डिफ्यूजर प्रकरण. फ्लॅशच्या तोंडावर एक पांढरं आवरण बसवतात, त्यातून उजेड गाळला जातो, पसरतो आणि चेहऱ्यावर मऊ पडतो. त्या आवरणाला डिफ्यूजर म्हणतात. ही माहिती मला न विचारता आणि अनेकदा देण्यात आली. सासूबाईंचं सहस्रचंद्रदर्शन दिवाळीनंतर सिन्नरला करायचं ठरलं होतं. त्या दिवसासाठी योग्य डिफ्यूजर निवडायचं काम साडूंनी गणपतीच्याही आधी हाती घेतलं. मेन रोडवरच्या दुकानदारानं दाखवायचं ते सगळं दाखवून झाल्यावर हात जोडले. "काका, आता दुकानात पांढरा म्हणाल तर माझा सदराच राहिलाय." यावर साडूंनी त्याच्या सदऱ्याचं कापड बोटांनी चाचपून पाहिलं म्हणतात.

मग दर रविवारी सकाळी ते आमच्या गंगापूर रोडच्या घरी भली मोठी पिशवी घेऊन यायला लागले. पिशवीत प्लॅस्टिकच्या टोप्या, उशीसारखी फुगणारी खोकी, पांढरी छत्री, ट्रेसिंग पेपर, आणि श्रीखंडाचा एक धुतलेला डबा. "बसा," ते मला म्हणायचे. कॉलेजात असताना मुरुमांनी माझ्या दोन्ही गालांवर जे खड्डे करून ठेवले, त्यांच्याबद्दल आजवर माझ्या आईनंही कधी अवाक्षर काढलं नव्हतं. साडू मात्र पहिल्याच रविवारी माझी हनुवटी धरून खिडकीकडे वळवत म्हणाले, "वा! फार उपयोगी गाल आहेत तुमचे."

तरी मी बसलो. चहा गार झाला, पेपर तसाच घडी घातलेला राहिला, डोळ्यांपुढे हिरवे ठिपके नाचायला लागले, तरी बसलो. पाचव्या का सहाव्या रविवारी मी अंघोळ करून बाहेर येतो, तर दिवाणखान्यात आमच्या बिल्डिंगमधली चार माणसं चहा पीत बसलेली, आणि टीव्हीच्या अख्ख्या पडद्यावर माझा डावा गाल! साडू हातात पट्टी घेऊन समजावत होते. "हा टोपीतला गाल. खड्ड्यांच्या कडा बघा, कशा काळ्या झाल्यात. आता हा छत्रीतला." माझी बायको तोंडाला पदर लावून हसत होती. वरच्या मजल्यावरचे एक वकील अगदी मन लावून म्हणाले, "छत्रीत बरेच बरे दिसताहेत."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पाहुण्यांना मी कसं वाटेला लावलं ते आठवत नाही, पण साडूंना काय बोललो ते शब्दन् शब्द आठवतं. "माझा गाल म्हणजे काय तुमच्या कारखान्यातला माल आहे? उचला ही पिशवी आणि पुन्हा या घरात कॅमेरा आणू नका!"

साडू उठले. छत्री मिटली, डबा पिशवीत ठेवला. दाराशी जाऊन म्हणाले, "आईंचा एकतरी फोटो आहे का तुमच्याकडे?"

नव्हता. सासूबाईंना लहानपणी देवी आल्या होत्या, चेहराभर वण राहिले. आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये त्यांचा हात आहे, पदर आहे, एका फोटोत पाठ आहे. कॅमेरा दिसला की त्या स्वयंपाकघरात जात.

"तरुणपणी एकदा स्टुडिओत काढला होता म्हणे," साडू म्हणाले. "फ्लॅश समोरून. फोटोत नुसते वणच. घरी येऊन त्यांनी तो चुलीत घातला. मला त्यांना विचारायची एकच संधी मिळणार आहे. आणि तुमच्या गालावर जमलं, तर तिथे जमेल."

हे आधी सांगायला काय झालं होतं? तो राग माझा अजून गेलेला नाही. पुढच्या रविवारी मीच त्यांना फोन केला.

सिन्नरला त्या दिवशी मेव्हण्यानं एक फोटोग्राफर बोलावलेला होता. ओवाळणी सुरू होताच त्यानं सासूबाईंच्या तोंडावर लख्खकन फ्लॅश उडवला. त्यांनी पदर ओढला आणि पाटावरून उठायला लागल्या. साडू पुढे सरसावले, पण या वेळी मी त्यांच्याआधी पोचलो, आणि त्या फोटोग्राफरला जे काही बोललो ते साडूंनाही जास्त वाटलं. ते सासूबाईंपाशी खाली बसले. "आई, एकच. नाही आवडला तर तुमच्यासमोर पुसतो."

"असं लय जण म्हणले. मला नाय पाहिजे."

"माझा बघा आधी," मी म्हणालो आणि खिशातून माझ्या गालाचा छत्रीतला फोटो काढून त्यांच्यापुढे धरला. त्या कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग पदर सोडून बसल्या. "काढा."

मी छत्री धरली. फ्लॅश तिच्या पांढऱ्या कापडातून गाळून बाजूनं पडला. साडूंनी कॅमेऱ्याचा पडदा त्यांच्यापुढे केला. सासूबाईंनी चष्मा लावला, पडद्यावर बोट ठेवलं. "वण हायेत की."

"आहेत," साडू म्हणाले. "ते घालवायचे नव्हते मला. पण आधी डोळे दिसले पाहिजेत."

सासूबाईंनी चष्मा काढला. मग पदर नीट केला आणि म्हणाल्या, "आता लेकींना बोलवा शेजारी."

त्यानंतर सासूबाईंना फोटोंचा असा काही नाद लागला की दर सणाला थोरल्या जावयांना बोलावणं जातं. मागच्या संक्रांतीला आम्ही दोघं गेलो होतो. साडूंच्या डोळ्यांत आता काचबिंदू आहे. त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला, काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि माझ्या हातात दिला. स्वतः छत्री धरून उभे राहिले. मी बटण दाबलं. माझा हात हलला आणि फोटो सपशेल धूसर आला.

साडूंनी पडदा अगदी नाकाशी नेऊन पाहिला. "छान आलाय," ते म्हणाले.

मी भडकलो. उभा जन्म खोट काढण्यात गेलेला माणूस, आणि आता मला बरं वाटावं म्हणून असं बोलतो? "काहीतरी काय सांगता! नीट बघा ना!"

"उजेड बघा हो," ते शांतपणे म्हणाले.

मी पाहिला. उजेड खरोखरच फार सुंदर पडला होता.