झोपेत टपाल लावणाऱ्या आमच्या वन्सं

आमच्या वन्सं झोपेत टपाल लावायच्या.

हे मी थट्टेनं सांगत नाही. सकाळची पाळी संपवून दुपारी घरी आल्या, चार घास खाल्ले, की स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी, पॅसेजमध्ये चटई टाकून त्या आडव्या व्हायच्या. डोळा लागला की थोड्या वेळानं उजवा हात आपला आपणच उचलला जायचा. हवेत जरा थांबायचा. मग डावीकडे वर, उजवीकडे खाली, मधोमध, पुन्हा वर. कागद सोडताना बोटं सुटतात तशी सुटायची. पाण्याखाली शेवाळ हलतं ना, तसा तो हात हलायचा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाईला कसला झटकाबिटका आला. मी घाबरून यांना हाक मारली. हे, म्हणजे माझे यजमान आणि वन्संचे थोरले भाऊ. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, बहिणीकडे पाहिलं आणि म्हणाले, "टपाल चाललंय. चालू दे." आणि परत पेपरात डोकं घातलं.

वन्संचे यजमान फार लवकर गेले. मूलबाळ नव्हतं. भावाकडे आल्या आणि राहिल्या. आमच्या घरात कुणी त्यांना कधी उणा शब्द बोललं नाही, पण घर म्हणजे दोन खोल्या आणि माणसं मोजायची सोय नाही. वन्संच्या वाट्याला पॅसेज आला. कुणी मोरीकडे निघालं की त्यांनी पाय आखडून घ्यायचे, कुणी पाणी प्यायला उठलं की कूस बदलायची. एवढ्या वर्षांत त्यांना कधी पसरून झोपलेलं मी पाहिलं नाही.

त्या टपालाच्या छाननीला जायच्या. म्हणजे पोस्टमन दारात पत्र टाकतो त्याच्या आधीचं काम. मी एकदा डबा द्यायला गेले होते तेव्हा ते पाहिलं. लांबलचक हॉल, वर जाळीच्या खिडक्या, त्यातून उतरणारं ऊन आणि त्या उन्हात तरंगणारी कागदाची धूळ. भिंतीला माणसापेक्षा उंच लाकडी चौकटी, त्यात मधाच्या पोळ्यासारखे खणच खण. एका गावाला एक खण. टेबलावर थैली उपडी करायची, पत्र उचलायचं, खणात टाकायचं. सगळ्या बायका उभ्या, कुणी बोलत नाही, नुसता कागदांचा सळसळाट. झाडाखाली उभं राहिल्यासारखं वाटलं मला. तिथंच डबा हातात घेऊन किती वेळ उभी राहिले कोण जाणे.

"पत्ता वाचायचा नसतो, वहिनी," वन्सं सांगायच्या. "डोळ्याला दिसतो आणि हात निघतो. मध्ये डोक्यानं तोंड घातलं की घोटाळा."

म्हणून काम करताना त्यांचे डोळे अर्धे मिटलेले असायचे. हॉलमध्ये त्यांना नाव पडलं होतं डुलकीबाई. पण डुलकीबाईची थैली सगळ्यांच्या आधी रिकामी व्हायची, त्यामुळे नाव ठेवणाऱ्यांचीच पंचाईत.

त्या कधी कुठे गेल्या नाहीत, पण खणातली गावं त्यांना माहेरासारखी होती. नदीकाठच्या एका गावातले लोक हिरव्या शाईनं लिहितात. डोंगरापलीकडच्या गावात पाकिटं नेहमी दमट येतात, तिथं धुकं असणार. बंदराच्या गावची पत्रं जाडजूड, कारण घरचा माणूस बोटीवर आणि त्याला सगळंच सांगायचं असतं. संध्याकाळी चहा घेताना त्या हे असं सांगायच्या की मला वाटायचं, आत्ता उठून चप्पल घालावी आणि त्या धुक्याच्या गावाला जाऊन यावं.

एवढं सगळं खरं, पण नोकरी रोजावरची. गेलात तर पैसे, नाही गेलात तर नाही. ताप आला तरी स्वतःच्या खर्चानं. सुट्टीचा दिवस आला की सगळं जग हसायचं आणि रोजावरच्या बायकांची तोंडं उतरायची. कायम झालं की गोष्ट वेगळी. महिन्याचा पगार, दर वर्षी त्यात थोडी वाढ, भरपगारी रजा, म्हातारपणी पेन्शन. त्याच्या वर मात्र फारसं काही नाही. त्यांचे हेडसाहेब म्हणायचे, "बायांनो, या टेबलावरून वर बघितलं तर फक्त छत आहे. पण कायम झालात तर निदान ते छत गळणार नाही."

वन्संना वर जायचंच नव्हतं. त्यांना हवी होती एक खोली. स्वतःची, भाड्याची का असेना. दोन गल्ल्या सोडून एका जिन्यावरची खोली त्यांनी हेरूनही ठेवली होती. पण घरमालक म्हणाला, "कायमची नोकरी असेल तर देतो. रोजावरच्या माणसाचा काय भरवसा, ताई?" हे वन्संनी मला एकटीला सांगितलं, तेही नळ सोडून, म्हणजे यांच्या कानावर जाऊ नये.

आणि त्याच वर्षी कळलं की कायमच्या दोन जागा भरणार आहेत. परीक्षा घ्यायची. चौकटीसमोर उभं करायचं, एक थैली द्यायची आणि बघायचं.

"तुमच्यासाठी तर डाव्या हातचा मळ," मी म्हटलं.

"उजव्या," वन्सं हसून म्हणाल्या. तेव्हा त्या निर्धास्त होत्या.

मग नवा हॉल आला. रस्ते बदलले होते, पूल झाले होते, ज्या गावाला पूर्वी वळसा घालून थैली जायची तिथं आता थेट गाडी जायला लागली. म्हणून नव्या हॉलमध्ये चौकटीही नव्या, आणि खणांचा क्रम सगळा उलटापालटा. नदीकाठ वर गेला, डोंगर डावीकडे वर सरकला, बंदर एकदम खालच्या ओळीत. परीक्षा याच चौकटीवर होणार होती.

डोक्याला एका दिवसात कळलं. हाताला कळेना. वन्संचा हात बंदराचं पत्र घेऊन जुन्या जागी जायचा, आणि तिथं आता डोंगरापलीकडचं गाव बसलेलं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी बंदराचा अख्खा गठ्ठा डोंगरात पाठवला. तिथल्या पोस्टमास्तरांनी तो परत धाडला आणि वर चिठ्ठी: "आमच्याकडे समुद्र नाही. आला की कळवू."

हॉलभर हशा. हेडसाहेबांनी मात्र वन्संना बाजूला घेतलं. "बाई, आज मी हसतोय. परीक्षेत असं झालं तर मला काही करता येणार नाही. ती नवी मुलगी बघा."

ती मुलगी नुकतीच लागली होती. तिच्या हाताला विसरायचं काहीच नव्हतं.

त्या दिवशी वन्सं आल्या आणि न जेवता आडव्या झाल्या. उठल्यावर म्हणाल्या, "वहिनी, स्वप्न पडलं. बंदर डोंगरावर चढलं होतं. गवतात बोटी उभ्या होत्या, गुरं त्यांच्या सावलीत बसली होती. आणि सगळे खलाशी मला विचारत होते, बाई, आता आम्ही उतरायचं कसं?"

हातावर हात धरून बसणं माझ्या स्वभावात नाही. मी खडू आणला आणि पॅसेजच्या भिंतीवर आखायला घेतलं. वन्संनी सांगायचं, मी चौकोन काढायचे. जुन्या कॅलेंडरचे कागद कापून पत्रं केली, त्यावर गावांची नावं मीच लिहिली. माझी शाळा कधी सुरू झाली आणि कधी संपली ते मलाही नीट आठवत नाही. वन्संनी पहिलं पत्र उचललं, दूर धरलं, जवळ धरलं. "वहिनी, तुझं अक्षर लागलं ना, तर मला जगातलं कुठलंही अक्षर लागेल."

"चांगलंच आहे की. करा सराव."

"काय हे!" हे ऑफिसातून आले आणि भिंत बघून म्हणाले. "घर आहे की शाळा?"

"परीक्षा आहे त्यांची," मी म्हटलं.

"मला माहितेय परीक्षा कशासाठी आहे ते." म्हणजे यांना कळलं होतं. नळ सोडून काही उपयोग झाला नव्हता. "लोक म्हणतील, भावानं बहिणीला बाहेर काढलं."

"दादा, लोक काही म्हणणार नाहीत," वन्सं हातातल्या कागदांकडे बघत म्हणाल्या. "लोकांना वेळ कुठेय?"

"मग मी म्हणेन!" हे म्हणाले, आणि पुढे बरेच दिवस दोघं बहीणभाऊ मीठ मागण्यापुरतंही माझ्यामार्फतच बोलायचे. मी आपली मधली पोस्टमन.

सरावात असं व्हायचं की वन्संनी सावकाश केलं तर सगळं बरोबर यायचं. पण सावकाश म्हणजे नापास. घाई केली की हात गेला जुन्या घरी. रागानं त्या स्वतःच्या मनगटावर चापट मारायच्या. "हा माझा हात नाही गं, वहिनी. हा त्या जुन्या हॉलचा हात आहे."

दुपारी त्या झोपल्या की मी त्यांच्या हाताकडे बघत बसायची. भिंतीवरचे चौकोन अगदी त्यांच्या उशाशी होते, त्यामुळे हात कुठे जातो ते मला कळायचं. डावीकडे वर: जुनं. उजवीकडे खाली: जुनं. रोज जुनंच. त्यांना मी काही बोलले नाही, पण जीव टांगणीला लागला होता माझा. जागेपणी माणूस स्वतःला काहीही समजावतो, झोपेला कोण समजावणार?

मग एका दुपारी, खूप उकडत होतं, सगळं घर गप्प होतं, बाहेर रस्त्यावरही कुणी नाही. पडद्यातून पिवळा उजेड आत आला होता आणि पॅसेज मधाच्या बरणीसारखा दिसत होता. वन्संचा हात उठला. डावीकडे वर निघाला, आणि अर्ध्यात थांबला. बराच वेळ तसाच तरंगत राहिला. कुणीतरी दुरून हाक मारावी आणि ऐकू यावी की नाही असं व्हावं, तसा. मग हळूच, अगदी पायऱ्या उतरल्यासारखा खाली आला, खालच्या ओळीपर्यंत, आणि बोटं सुटली. माझ्या मांडीवरची निवडायला घेतलेली भाजी तशीच राहिली. हात पुन्हा उठला. या वेळी मध्ये थांबला नाही.

चहाच्या वेळी मी म्हटलं, "वन्सं, बंदर खाली उतरलं बरं का."

त्यांनी कप खाली ठेवला. "काय?"

"सगळे खलाशी सुखरूप. मी स्वतः पाहिलं."

त्यांना कळायला जरा वेळ लागला. मग हसायला लागल्या, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला.

परीक्षेच्या दिवशी हेडसाहेब त्यांना म्हणाले, "बाई, आज डोळे उघडे ठेवून करा, वरून माणसं आलीत." वन्सं म्हणाल्या, "किती उघडे ठेवू, साहेब?" आणि नेहमीसारखे अर्धे मिटले. त्या लागल्या. ती नवी मुलगीही लागली. पुढं दोघी चांगल्या मैत्रिणी झाल्या.

पुढच्या काळात यंत्रं आली, ती पत्ते आपली आपण वाचायला लागली. तेव्हा कायमच्या बायकांना यंत्रावर घेतलं आणि रोजावरच्या घरी गेल्या. यंत्राला न लागणारी अक्षरं वाचायचं काम वन्संकडे होतं, पेन्शनीपर्यंत. परवा माझी नात मोबाईलवर बघून म्हणाली, "आजी, या कामाला आता जागाच निघत नाहीत फारशा. पार्सलं वाढलीत, पण तीही रोजावरच." मी म्हटलं, नाव बदललं असेल, रोज काही बदललेला दिसत नाही.

पण मला सांगायचंय ते खोलीचं.

नोकरीचा कागद हातात आला त्या संध्याकाळी हे एकदम गोड बोलायला लागले. "झालं ना आता? मग खोलीची काय घाई? राहा आरामात. पॅसेजमध्ये पंखा लावून देतो."

"पंखा नको, दादा," वन्सं म्हणाल्या. "मला जाऊ दे."

हे उठून गॅलरीत गेले. नणंद घर सोडून निघाली म्हणून स्वयंपाकघरात तोंड लपवून रडणारी वहिनी जगात मीच एकटी असेन. पण मी रडले ते रडले, त्यांची ट्रंकही मीच भरली.

सुट्टीच्या दिवशी आम्ही निघालो. हे म्हणाले, "मी फक्त बघायला येतोय. पटली नाही तर ट्रंक परत." जिना चढलो. छोटीशी खोली, एक खिडकी, खिडकीबाहेर झाडाचा शेंडा. भिंतींवर पानांच्या सावल्या हलत होत्या. यांनी भिंत ठोकून पाहिली, म्हणाले ओल आहे. नळ सोडून पाहिला, म्हणाले धार बारीक आहे. खिडकी, म्हणाले पश्चिमेची आहे, ऊन येईल. वन्सं प्रत्येक गोष्टीला "हो दादा" म्हणत होत्या आणि ट्रंकेतनं एकेक भांडं काढून ठेवत होत्या.

शेवटी यांनी दार लोटून पाहिलं. "आणि ही कडी! हलतेय नुसती. अशा दाराआड एकटीनं राहायचं?"

आता भांडण होणार म्हणून मी मध्ये पडायला निघाले, तोच यांनी खिशात हात घातला आणि पेचकस काढला. चार स्क्रूही होते, कागदात गुंडाळलेले. म्हणजे फक्त बघायला आलेला माणूस घरून निघतानाच स्क्रू घेऊन निघाला होता. खाली बसले, घाम पुसत कडी बसवली, ओढून पाहिली.

"घे. आतून लावून बघ," बहिणीला म्हणाले. त्या पंख्याच्या संध्याकाळनंतर पहिल्यांदाच सरळ तिच्याशी बोलले.

आम्ही दोघं बाहेर जिन्यावर आलो. वन्संनी दार लावलं. कडी सरकल्याचा आवाज आला, चांगला घट्ट. मग काही नाही. आतून ना पाऊल, ना भांडं. जिन्यात संध्याकाळचं ऊन तिरपं पडलं होतं. यांनी माझ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. सख्ख्या बहिणीचं दार ठोठावायची वेळ आयुष्यात आली नव्हती त्यांच्यावर. हात उचलला, जरा खाली घेतला, आणि मग दोन बोटांनी हळूच ठोठावलं.

"कोण?" आतून आवाज आला.

यांनी घसा खाकरला. "मी. दादा." आणि थोडं थांबून, "येऊ का आत?"

वन्संनी लगेच उघडलं नाही. यांनीही पुन्हा ठोठावलं नाही. दोन्ही हात मागे बांधून, पाहुण्यासारखे उभे राहिले.