उजव्या डोळ्यातला पिवळा

कोल्हापुरातले आम्ही फोटोग्राफर नवा मॉनिटर घेतला की आधी अल्बम छापणाऱ्या लॅबमध्ये फोटोंचे रंग जुळवणाऱ्या एका गृहस्थांना दाखवतो. ते चष्मा पुसतात, पडद्याकडं निरखून बघतात आणि म्हणतात, "लाल जरा चढलाय की भावा!" मग रंग मोजायचं यंत्रही तेच सांगतं.

माझा मॉनिटर त्यांना पिवळट वाटला. यंत्रानं मात्र रंग अचूक दाखवले. त्यांनी आधी एक डोळा झाकून पाहिलं, मग दुसरा.

"मॉनिटर बरोबर हाय. माझा उजवा डोळा पिवळा झालाय."

डॉक्टरांना त्या डोळ्यात नुकताच धरू लागलेला मोतीबिंदू सापडला. ऑपरेशन होईपर्यंत, ऐन लग्नसराईत, त्यांनी रंगाचं काम बंद ठेवलं.

"डावा चांगला आहे की," मी म्हणालो.

"आन् अल्बमात नवरीच्या शालूचा रंग चुकला, तर तिनं जन्मभर त्योच बघायचा व्हय?"