वीस पोरांचा भात

सालेकसा स्टेशनावर गोंदियाकडची गाडी यायची होती आणि मी गाठोडी मोजून राहिली होती, तेवढ्यात आपल्या शाळेचे मोठे सर मोटरसायकलवर आले. हातात पिशवी, पिशवीत पावशेर चारोळी आणि माझ्या नातीसाठी, तनूसाठी, रंगाची डबी. मला पहिल्यांदा काय वाटलं सांगू? हे कायले आले? त्या शाळेच्या स्वयंपाकघरात माझी बावीस वर्षं गेली. तेवढ्या वर्षांत कितीक पोरं गाव सोडून गेली, पण कोणाला पोचवायला एकही सर स्टेशनावर गेलेले मी पाहिले नाहीत.

"सर, तनूचा दाखला?" मी विचारलं.

सर रुळाकडे पाहत बोलले, "आता कागद नसते काकू. सगळं ऑनलाइन. तिकडच्या शाळेनं मागितलं का इकडून मी नाव सोडतो. काळजी नका करू जी."

गाडी आली. तनू खिडकीशी बसली आणि लगेच डबी उघडून रंग पाहत राहिली. गाडी हलेपर्यंत सर तिथंच उभे. मी विचार करत राहिली, ज्याला नाव सोडायचं असते तो माणूस रुळाकडे काऊन पाहील? माझी माय मला नेहमी म्हणायची, "तुले तं परसादातही खडा दिसते." दिसते, आता काय करू. आणि बरेचदा तो असतेही.

हे मी गावात राहिलेल्यांसाठी लिहून राहिली, आणि माझ्यासारखे पुण्याला, सुरतेला, रायपूरला गेलेल्यांसाठीही. सरांनीच फोन केला, म्हणाले काकू, या महिन्याच्या पत्रकात मागचं पान तुमचं. मलाच का दिलं, याचा मी दोन दिवस विचार केला, मग वही काढली.

गेलेल्यांच्या लेकरांना आपलं पत्रक माहीत नसेल. एक मोठा कागद, दोन्ही बाजूंनी पोरांच्या हातानं लिहिलेला, महिन्याला एक. त्यात शाळेची बातमी. कोण नवीन आलं, कोणाची बकरी शाळेच्या वाफ्यातली मेथी खाऊन गेली, लावलेली झाडं किती जगली. वर त्या महिन्याचं मूल्य लिहायचं. ते पोरंच ठरवायची, म्हणून एकदा "खरं बोलणे" होतं तर एकदा "शेंबूड पुसणे". आणि सगळ्यात खाली एक चौकोन, त्याचं नाव "चुकलं". महिन्यात ज्याच्याकडून जे चुकलं ते त्यानं स्वतःच्या हातानं लिहायचं. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी शाळा सुटताना सारं गाव कडुनिंबाखाली बसायचं आणि ज्याचं त्यानं उभं राहून वाचायचं. ऐकणाऱ्यांनी एवढंच म्हणायचं, "ऐकलं." हसायचं नाही, रागवायचं नाही, आणि पुढे जन्मात ती गोष्ट काढायची नाही. सर असो का सरपंच, सगळ्यांना एकच नेम.

मला लिहिता येत नव्हतं तेव्हाची गोष्ट. एकदा भात करपला आणि मी ओल्या लाकडांवर ढकलून मोकळी झाली. दुसऱ्या दिवशी चौथीतली एक पोरगी चुलीपाशी येऊन लाकूड हातात घेऊन पाहून गेली. त्या पोट्टीचा मला असा राग आला का पुसू नका. पण त्या शनिवारी मी उभी राहिली. "भात करपला. लाकडं वाळलेली होती. मी सगुणाशी बोलत बसली होती." सगळे म्हणाले, ऐकलं. सगुणा, माझी जोडीदारीण, आम्ही दोघी मिळून रांधायचो, ती सगळ्यात जोरात म्हणाली. मग मला वाटलं आपलं चुकलेलं आपल्याच हातानं लिहिता यावं. तांदळाच्या पोत्यावरची अक्षरं पाहून आणि पोरांच्या पाढ्यांना कान देऊन मी अक्षर शिकली. म्हणून माझं अक्षर अजून पोत्यावरच्यासारखं जाडं आहे.

आता मी पुण्यात मुलाकडे, सातव्या मजल्यावर. राजू आणि सूनबाई दोघं कामावर जातात, तनूला शाळेतून आणायला मी. इथं मी सगळ्यांवर संशय घेते आणि सगळे माझ्यावर. गेटवरचा वॉचमन मला रोज विचारतो, कोणाकडे जायचं? अरे बाप्पा, कालही इथंच राहत होती. लिफ्टमध्ये एक बाई मला म्हणाली, "तुम्ही 'जाऊन राहिली' म्हणता ते किती गोड वाटतं." मी घरी येऊन आरशात पाहिलं, गोड कुठं वाटते ते.

तनूच्या इथल्या शाळेचीही महिन्याची बातमी येते, मोबाईलवर, रंगीत, अ‍ॅपमध्ये. त्यांचंही महिन्याचं मूल्य असते. जुलैमध्ये "निसर्गप्रेम" होतं आणि फोटोत आपली तनू रोपटं धरून उभी. मी विचारलं, कुठं लावलं ग ते? ती म्हणाली, "लावलं नाही आजी. फोटो काढला आणि पुढच्या मुलीच्या हातात दिलं." मी खालपर्यंत बोट सरकवून पाहिलं. "चुकलं" कुठंच नव्हतं. एवढ्या मोठ्या शाळेत महिनाभर कोणाचं काहीच चुकलं नसेल?

आपलं पत्रकही आता फोटो काढून ग्रुपवर येते. जुलैचं आलं, मी चष्मा पुसून बसली. धानाचा रोवणा सुरू झाल्यानं हजेरी कमी, वाफ्यात चवळी लावली, हे सगळं होतं. आणि मधात एक ओळ, "तनुश्री, तिसरी, हिने सातचा पाढा न अडखळता म्हटला."

तनू माझ्यासमोर बसून पोहे खाऊन राहिली होती. सातचा पाढा तिला अजून येत नाही.

मी स्वतःला समजावलं का जुन्या कागदावरून उतरवताना पोरांची गडबड झाली असेल. ऑगस्टचं आलं. त्यात राखी बनवणाऱ्यांत तनूचं नाव. आणि खाली "चुकलं"च्या चौकोनात एकच ओळ, "या महिन्यात काही चुकलं नाही." ही ओळ मी बावीस वर्षांत पाहिली नव्हती.

मी सगुणाला फोन लावला. ती अजून तिथंच रांधते. आधी तिनं रोवण्याचं सांगितलं, मग सुनेच्या गुडघ्याचं. सगुणा इतकी गोड बोलू लागली का मला खात्रीच झाली.

"भात कितीचा टाकतेस वो?"

"वीसचा."

"आणि जेवते किती?"

ती म्हणाली, "यमुना, तू पुण्याले गेली ना? मंग तिथलं पाय. इथं भात उरते का पुरते, तुले कायले पाह्यजे?"

"म्हणजे उरते."

"नेटवर्क नाही येऊन राहिलं," सगुणा म्हणाली. तिचा आवाज तर अगदी साफ येत होता.

इकडे राजूच्या मागे तनूची शाळा लागलेली. आधीच्या शाळेनं पोर्टलवरून नाव सोडलं नाही, अर्ज अडकून पडला, सहामाहीच्या आत झालं नाही तर तिचं नाव परीक्षेत येणार नाही. राजू सरांना फोन करायचा. कधी सर्व्हर बंद, कधी सर मीटिंगमध्ये. राजू मला म्हणाला, "आई, तुझे सर मुद्दाम करून राहिले."

मला सगळं दिसत होतं. आपल्या शाळेत पट विसाचा. विसाच्या आत आला का शाळा बंद करून पुढच्या गावच्या शाळेत जोडतात, असं दोन वर्षांपासून सगळे बोलून राहिले. पुढचं गाव नाल्यापलीकडे. पावसाळ्यात तो नाला मोठ्या माणसाच्या कंबरेला लागते. तनू धरून वीस होते, तनू सोडून एकोणीस. सरांना वाटलं असेल, एका नावानं कोणाचं काय जाते.

सरांचा मला खूप राग आला. मग राग जरा निवला आणि मी विचार केला, हे पत्रक सारं गाव ऐकते. तनू गेली हे कोणाला माहीत नाही? आमचं गाठोडं उचलायला अर्धी आळी आली होती. मग शनिवारी "तनूनं पाढा म्हटला" असं वाचलं तेव्हा एकही माणूस कसा उठला नाही? गावात मला सगळ्यात सरळ वाटायचे त्यांची नावं मी मनात घेत गेली, आणि एकेकावर संशय बसत गेला. अख्खं गाव संपलं. मग एकटी मीच उरली.

आता पुढचं लिहायचं नव्हतं, पण लिहिते. सर रुळाकडे पाहत बोलले तेव्हाच मला कळलं होतं. मी पुन्हा विचारलं नाही. का नाही विचारलं? मला वाटलं, राहू दे नाव. पोट्टीचं नाव तिथं असेल तर आम्ही पुरते गेलो नाही. आणि खरं सांगू, जुलैच्या पत्रकात तिचं नाव वाचलं तेव्हा रागाच्या आधी मला बरं वाटलं होतं. मी तो फोटो दोनदा मोठा करून पाहिला होता.

सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी मी सगुणाला व्हिडिओ कॉल लावला. म्हटलं, मला बसव शनिवारात. ती म्हणाली, "काऊन?" मी म्हटलं, "माझं चुकलं आहे, वाचायचं आहे." नेम असा का वाचायचं म्हणणाऱ्याला कोणी अडवत नाही. तिनं फोन खुर्चीवर टेकवला. पाऊस होता म्हणून सगळे वऱ्हांड्यात बसलेले. मला पाय जास्त दिसत होते, तोंडं कमी.

मी पुण्यात, गॅलरीत, उभी राहिली. वाचलं. "तनू जूनपासून पुण्यात आहे. तिचं नाव शाळेत राहणार, हे मला स्टेशनावरच समजलं. मी गप्प राहिली, कारण मला ते गोड लागलं. चुकलं."

पत्र्यावरचा पाऊस तेवढा ऐकू येत होता. मला वाटलं नेटवर्क गेलं, मग एक पाय हलला. खूप वेळानं सगुणा म्हणाली, "ऐकलं." मग इकडून तिकडून आवाज आले, एकसाथ नाही, एकेक करून. शेवटी सर उभे राहिले. त्यांच्याजवळ कागद नव्हता. म्हणाले, "नाव मी ठेवलं. पोरांच्या हातानं खोटं लिहवलं, हे जास्त चुकलं." त्यांना "ऐकलं" आधी पोरांनीच म्हटलं.

तिसऱ्या दिवशी पोर्टलवर तनूचं नाव सुटलं. राजूनं पेढे आणले. मी खाल्ला नाही, म्हटलं दात दुखते.

ऑक्टोबरच्या पत्रकात पट एकोणीस. शाळा पुढच्या गावात जोडणार असल्याचं तोंडी निरोपानं आलं आहे, कागद अजून नाही. कागदाच्या आधी गावातले लोक पोरं घेऊन तालुक्याच्या ऑफिसात जाऊन बसणार, हेही मला ग्रुपवरूनच कळलं. सगुणा महिनाभर बोलली नाही. मग परवा तिचा फोन आला.

"ऐकलं म्हटलं म्हणून मी ते काढत नाही," ती म्हणाली. "पण एक सांगते. तू खरं बोलली आणि फोन ठेवून चहा प्याली असशील. नाला माह्या नातवाले ओलांडा लागते."

मी म्हटलं, "चहा नाही प्याली."

"प्याली असती तरी काय होते. गेलेल्या माणसाले खरं बोलणं सोपं पडते वो, यमुना."

तिच्या बोलण्यात खडा शोधला, नेहमीसारखा. सापडला नाही.

इकडे आल्यावर लोक विचारतात, तुमचं घर कुठलं? मी आधी सांगायची, सालेकशाकडचं, जंगल आहे, धान आहे, मोहाचा वास येते. आता मला वाटते, घर म्हणजे जिथं खरं बोलून झाल्यावर उठून जाता येत नाही, तिथंच बसून राहावं लागते. मी बोलली आणि बसली नाही. म्हणून ऑफिसात बसायच्या दिवशी मी येऊन राहिली. माझं नाव पटावर चढत नाही आणि माझ्यानं एकोणिसाचे वीस होत नाहीत. सतरंजीवर एक माणूस जास्त दिसेल, आणि बसणाऱ्यांसाठी भात रांधता येईल, एवढंच.

सगुणाला सांगितलं तर म्हणाली, "तू येणार? तिकीट दाखव, तवा मानीन." राजूकडून तिकिटाचा फोटो पाठवला. तर म्हणते, "फोटो का, कोणीही काढते."

बरोबर आहे तिचं. तिच्या जागी मी असती तर मीही मानलं नसतं.