घोगरी बासरी

गरम झालेल्या धुळीचा वास आला की मला लालबागमधली ती तालीम आठवते. आमच्या ऑर्केस्ट्रातली गायिका घशाच्या ऑपरेशननंतर पहिल्यांदाच गात होती. मी कीबोर्डवर लॅपटॉपमधली गुळगुळीत बासरी वाजवली की ती पहिल्याच ओळीत थांबायची आणि येरझाऱ्या घालायची. खालून मिरची कांडपाची धडधड येत होती. "आवाज गेला रे माझा," ती म्हणाली. मलाही बसवेना. माळ्यावरून जुनं साउंड मॉड्यूल, वाद्यांचे आवाज भरलेला डबा, काढून मी कीबोर्डला जोडलं. ते तापलं, त्यावरच्या धुळीचा वास सुटला आणि त्यातून तिच्या उमेदीच्या काळातली घोगरी बासरी वाजली. ती थबकली, मग अख्खं गाणं गायली. "या बासरीलापण खरखर आहे की रे!" ती हसत म्हणाली. आता ती गात नाही. मी ते मॉड्यूल विकायला काढतो आणि गिऱ्हाईक दारात आलं की नाही म्हणतो.