पुसलेला ठिपका

चकती पुसताना चकाचकच्या हातून तिच्या कडेवरचा पेन्सिलीचा ठिपका पुसला गेला, आणि तिथे ठिपका होता हे त्याला दोन दिवसांनी आठवलं.

प्रयोगशाळेत त्याला चकाचक म्हणत. धूळ दिसली की त्याचा हात आपोआप कापसाकडे जाई. चौदा वर्षं यंत्रं जुळवण्यात गेली होती. ती नखाएवढी चकती ताईची. ताई म्हणजे पीएचडी करणारी मुलगी. वयाने त्याच्या धाकट्या मेहुणीएवढी, पण प्रयोग तिचा, म्हणून ताई. चकती ऑक्साइडची, विजेला वाट न देणारी. ती तापवून दोन्ही बाजूंना व्होल्टेज लावायचं आणि आतले दोष कसे सरकतात ते दहा दिवस मोजायचं. यंत्र तिच्याकडे बाराच दिवस होतं. पुढचे तीन महिने दुसऱ्यांचे, आणि प्रबंधाची मुदत ते संपण्याआधीच.

दोष म्हणजे काय, हे तो नवख्यांना खुर्च्यांवरून समजावी. "रांगेतली एक खुर्ची रिकामी आहे. शेजारचा तिच्यात सरकला, की रिकामी खुर्ची त्याच्या जागी गेली. उचलली कुणीच नाही, पण चालली. ऑक्सिजनची रिकामी जागा तशीच मायनसकडे चालत जाते."

सहाव्या संध्याकाळी तापवायची तार जळाली. चकती गार झाली, रिकाम्या जागा जिथल्या तिथे थिजल्या. त्याने तार बदलली आणि चकती स्पिरिटने लखलखीत पुसली. दोन्ही तोंडांना चांदीचा सारखाच लेप. प्लस कुठे लावायचा हे सांगणारा एकुलता एक ठिपका कापसाला चिकटून गेला. त्याने अंदाजाने तारा लावल्या, व्होल्टेज सुरू केलं आणि शीळ घालत घरी गेला.

आठव्या दिवशी ताई आलेखाकडे बघत राहिली.

"दादा, रेघ वर जायची ती खाली का येतेय?"

त्याने कचऱ्याच्या डब्यातला कापूस शोधून काढला. करड्या रंगाचा एक ठिपका त्यावर होता.

"तारा उलट्या लागल्या, ताई. सहा दिवस चाललेल्या जागा माघारी निघाल्यात."

ताईने वहीत तारीख आणि वेळ लिहिली.

त्याने तारा पुन्हा बदलल्या. पण सुट्टीवरून परतणाऱ्या पोरांसारखं झालं: काही जागा आल्या, काही वाटेत रेंगाळल्या. रात्रभरात रेघ ना इकडची ना तिकडची.

"घरी एक डबा धड जागेवर ठेवत नाहीस, आणि तिथे लोकांच्या खुणा पुसतोस," बायको म्हणाली.

एकच उपाय उरला. चकती ऑक्सिजनच्या भट्टीत भाजायची, रिकाम्या जागा भरून काढायच्या आणि नव्याने सुरुवात करायची. भट्टी शेजारच्या विभागात. तिच्यावर मामांची, म्हणजे तिथल्या जुन्या तंत्रज्ञाची, सत्ता. मामांना विचारायचं म्हणजे सिंहाच्या तोंडातलं हाडूक मागणं.

"कुणाच्या चुकीसाठी?" मामांनी विचारलं.

"माझ्या."

"मग ठीक. ताईची असती तर नाही म्हणालो असतो, तिचं शिकायचं वय आहे." मामांनी वही उघडली. "आज दुपारपासून रात्रीपर्यंत घे. बदल्यात एक रविवार माझ्या भट्टीजवळ बसायचं. मला दर रविवारी यावं लागतं, त्यावरून बायको बोलत नाही माझ्याशी."

"नक्की, मामा."

दहाव्या सकाळी चकती पुन्हा यंत्रात बसली. या वेळी ठिपका सुईने लेपात कोरलेला, आणि ताईने तारा स्वतः लावल्या. चकाचकला तिने जवळ येऊ दिलं नाही. त्यालाही ते योग्यच वाटलं, म्हणून जास्त टोचलं. उरलेल्या अडीच दिवसांसाठी तिने व्होल्टेज वाढवलं. रेघ वर चढली. पण दहा दिवसांची चाल अडीच दिवसांत मावेना. शिखर येण्याआधीच दुसऱ्या गटाची माणसं खोके घेऊन दारात उभी राहिली.

ताईने अर्धा आलेख प्रबंधात घातला. खाली लिहिलं, "वेळेअभावी मापन अपूर्ण." कोणाचं नाव नाही, चुकीचा उल्लेखही नाही. ती ओळ चकाचकने तीनदा वाचली. शिवी खाल्ली असती तर निदान पचली असती.

त्यानंतर चार रविवार गेले, पण मामांच्या भट्टीजवळ तो बसला नाही. पहिल्यांदा मेहुणी आली, मग त्याला ताप आला, पुढच्या दोन रविवारांचं त्याने काहीच कारण दिलं नाही. मामांनी एकदाही आठवण करून दिली नाही. जिन्यात भेटले की फक्त विचारतात, "काय रे, ताईचं झालं का?" आणि हा मान हलवून पुढे जातो.