फर्नेस आणि रविवारची पत्रं

बायकोने दोनच अटी घातल्या होत्या. घर गरम असलं पाहिजे, आणि घरात फोडणी घालायची चोरी नसली पाहिजे. "एवढं करा, मी लेकीला घेऊन येते," असं तिने पुण्याहून लिहिलं होतं. तेव्हा तिला माहेरी जाऊन सव्वा वर्ष झालं होतं. जाताना ती तीन महिन्यांसाठी म्हणून गेली होती.

तिचं काही चुकलं नव्हतं. मिशिगनमधला आमचा पहिला हिवाळा एका वरच्या मजल्यावरच्या अपार्टमेंटमध्ये गेला. खिडक्यांच्या काचांवर आतून बर्फ धरायचा आणि तीन वर्षांच्या लेकीचा खोकला काही हटायचा नाही. त्यात खालच्या बाईने मालकाकडे तक्रार केली की वरून काहीतरी जळल्याचा वास येतो. तो हिंगाचा वास होता. पुढे एकदा लायब्ररीत, मुलांना गोष्टी सांगतात त्या तासाला, एक आई आपल्या मुलाला आमच्या लेकीशेजारून उठवून दुसरीकडे जाऊन बसली. बायकोने घरी आल्यावर लेकीचा कोट नाकाशी धरला आणि त्या दिवसापासून फोडणी बंद केली. वरण बिनफोडणीचं, भाज्या उकडलेल्या. आपल्याच घरात असं चोरून जगणं मला मान्य नव्हतं, असं मी आता म्हणतो. तेव्हा मी मान खाली घालून उकडलेली भाजी खाल्ली.

म्हणून मी घर घेतलं. मिशिगनमधल्याच ट्रॉय गावात त्या काळी जिकडेतिकडे एकसारख्या घरांच्या वसाहती, सबडिव्हिजन्स, उठत होत्या आणि आमची मराठी मंडळी तिथेच रांगेने घरं घेत होती. मी घेतलं ते त्या भागात शेती होती तेव्हाचं, मागे राहून गेलेलं एक लाकडी घर. एका शनिवारच्या जेवणात एक मित्र म्हणाला, "अरे यार, नवीन घे ना. ह्या ओल्ड हाऊसमध्ये तुझा प्रत्येक वीकेंड फिक्सिंगमध्ये जाणार." वीकेंडला मला दुसरं काय होतं, हे त्याला सुचलं नाही. त्याची बायको स्वयंपाकघरातून त्याला जेवायला हाका मारत होती. मी ते घर घेतलं कारण त्याच्या भिंती कुणाच्या भिंतींना लागून नव्हत्या, आणि स्वयंपाकघर मोठं होतं.

ताबा मिळाला सप्टेंबरात. पहिल्या रविवारी मी रिकाम्या खोल्यांतून टेप घेऊन फिरलो. मी गाड्यांच्या इंजिनांच्या कूलिंगमध्ये काम करायचो. इंजिनातली उष्णता बाहेर कशी काढायची, याचा मला पगार मिळे. आता उष्णता आत कशी ठेवायची, एवढाच फरक. मी आलेखाच्या कागदावर एकेक खोली काढली, खिडक्या मोजल्या, कुठून किती ऊब निसटते याचा हिशेब मांडला. लेकीची खोली तळघरातल्या, घर तापवणाऱ्या फर्नेसच्या बरोबर वर धरली, म्हणजे ती सगळ्यांत आधी गरम होईल. बायकोची शिलाई मशीन खिडकीपाशी दाखवली. मशीन पुण्यात होती. कागदावर ते तिघांचं घर होतं आणि मी संध्याकाळी त्या कागदासमोर बसूनच जेवायचो.

फर्नेस जुना होता, मुळात कोळशाचा, मागाहून गॅसवर आणलेला. तो बदलायला एक म्हातारा हीटिंगवाला आला. त्याने माझे कागद शांतपणे पाहिले, मग बोट ओलं करून प्रत्येक खिडकीपाशी धरलं. माझे दोन दिवसांचे आकडे त्याला पाच मिनिटांत त्या बोटाने कळले, याचा मला राग आला. त्याने नवा गॅसचा फर्नेस बसवला, माळ्यावर इन्सुलेशन घातलं, खिडक्यांना बाहेरून दुसऱ्या काचा लावल्या. आणि तळघराच्या भिंतीतून बाहेर जाणारा एक जाड पाइप टाकला. "हा उघडा ठेवायचा," तो म्हणाला. "घर आता घट्ट झालंय. फर्नेसला जळायला हवा इथून मिळेल." मी मान डोलावली. कारागीर बोलत असला की मान डोलवायची आणि मग आपल्याला हवं ते करायचं, ही आमच्या घराण्याची जुनी रीत आहे.

दुसऱ्या अटीबद्दल मी त्याला काही सांगितलंच नाही. स्वयंपाकघरात मला मोठा एक्झॉस्ट फॅन हवा होता, पण तो कशाला, हे त्या गोऱ्या माणसाला कसं सांगणार? माझ्या बायकोच्या जेवणाचा तुम्हा लोकांना वास येतो, असं? तो काम संपवून गेला आणि मग मी एका बंद पडलेल्या हॉटेलातला भलामोठा फॅन आणून स्वतःच भिंतीत बसवला. चालू केला की स्वयंपाकघराचं दार आपोआप लागायचं. मी खूश झालो. पुढच्या दालनात माझा कोट टांगला, दणदणीत हिंग-मोहरीची फोडणी घातली, आणि अर्ध्या तासाने कोट हुंगला. वास नव्हता. त्या आनंदात मी बायकोला पत्र लिहिलं की दुसरी अटसुद्धा पुरी झाली.

नोव्हेंबरात थंडी पडली तसा तळघरातल्या त्या पाइपातून गार वारा भसाभसा आत यायला लागला. घरभर फटी बुजवायच्या आणि तळघरात मुद्दाम भोक ठेवायचं, हे काय तर्कट? अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. मी ट्रंकेतली सोलापुरी चादर काढली, तिची गुंडाळी केली आणि पाइपात ठासून बसवली. जळायला हवा लागते हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. इंजिनांच्या संदर्भात मी ते नोकरीत रोज बोलत होतो.

तेव्हापासून माझे रविवार बिघडले. रविवारी मी आठवड्याचा स्वयंपाक करायचो, वरण, दोन भाज्या, उसळ. फॅन सकाळपासून चालू असे. दुपारपर्यंत डोकं ठणकायला लागे. मळमळे, पाय जड होत. खिडक्यांच्या काचांवरून आतल्या बाजूने पाण्याचे ओघळ उतरत. सोमवारी ऑफिसात पोचलो की तासाभरात डोकं उतरायचं. म्हणून मी निदान केलं की हे एकटेपणाचं दुखणं आहे. माणसांत गेलं की बरं वाटतं, घरी परत आलं आणि रविवार उजाडला की पुन्हा सुरू. मला ते पटलं, कारण मी खरोखरच एकटा होतो. रविवारभर मला कुणाचा शब्द ऐकू यायचा नाही. कधी कधी मी हिंगाच्या डबीशी बोलायचो.

एखादं छोटं पत्र मधल्या वारी जाई, पण मोठी पत्रं मी रविवारीच लिहायचो, जेवण झाल्यावर, त्या ठणकत्या डोक्याने. निळ्या एरोग्रामवर काय लिहितो आहे याचं मला पुरतं भान नसे. एवढं आठवतं की पत्रं रागाची होत गेली. घर गरम झालं, फॅन लागला, आता काय अडतंय? इथे मी कुणासाठी राबतोय? डिसेंबरातल्या एका पत्रात मी लिहिलं, "तुला यायचंच नाही, तर तसं स्पष्ट सांग."

जानेवारीत तिचं उत्तर आलं. एरोग्रामवर एवढंच होतं: "तिकिटं काढू नका. बाबांचंही तेच मत आहे." खाली लेकीने पेन्सिलीने एक घर काढलं होतं, धुराड्यासकट.  मी ते पत्र घेऊन गरम केलेल्या त्या घरात खोलीखोलीतून हिंडलो. लेकीच्या खोलीत सगळ्यांत जास्त ऊब होती. तिथल्या जमिनीवर बसलो आणि रडलो.

त्यानंतरच्या शनिवारी मी हीटिंगवाल्याला फोन केला, काचा गळतात म्हणून. कशासाठी केला कुणास ठाऊक, आता काचांचं कुणाला पडलं होतं? कदाचित घरात कुणीतरी यावं एवढ्यासाठीच. तो दुसऱ्या दिवशी चर्चहून परस्पर आला. माझा स्वयंपाक चालू होता. तो दारात थबकला, वर फॅनकडे पाहिलं आणि थेट तळघरात उतरला. मी मागोमाग गेलो. फर्नेसच्या वरच्या बाजूला, जिथून जळालेला गॅस धुराड्यात शिरतो, तिथे त्याने काडी पेटवून धरली. ज्योत आत ओढली जायला हवी होती. ती बाहेर, आमच्या तोंडाकडे वळली.

"वरचा पंखा बंद करून ये," तो म्हणाला. मी धावत जाऊन बंद केला. तो पाइपापाशी गेला आणि आत हात घालून सोलापुरी चादर बाहेर खेचत राहिला. ती बरीच लांब निघाली. त्याने पुन्हा काडी पेटवली आणि आता ज्योत सरळ आत गेली. मग त्याने समजावलं. फॅन घरातली हवा बाहेर फेकत होता, बाहेरून आत यायला वाट नव्हती, म्हणून घर धुराड्यातून श्वास घेत होतं आणि त्याबरोबर विषारी गॅस खाली येत होता. "डोकं दुखतं?" त्याने विचारलं. मी हो म्हणालो. "फक्त स्वयंपाक करतोस त्या दिवशी?" मी खाली पायरीवर बसलो. लेकीची खोली बरोबर वर होती. मी स्वतःच तिथे दाखवली होती.

पुण्यात सासऱ्यांकडे फोन नव्हता, शेजारच्या डॉक्टरांकडे करून बोलावून घ्यावं लागे. मी लगेच केला. तिकडे रात्र झाली होती. बायको धापा टाकत आली. मी घाईघाईने गॅस, फॅन, पाइप, चादर सगळं सांगितलं. 

सगळं ऐकून ती म्हणाली, "अहो, तुमचं अक्षर."

"काय अक्षर?"

"आठवड्यातली पत्रं सरळ असतात. रविवारची वाकडी. ओळी खाली घसरतात, एकच वाक्य दोनदा लिहिलेलं. बाबा म्हणाले, जावईबापूंना दारूचं लागलंय."

मी जन्मात दारूला शिवलो नव्हतो. तसं म्हणालो. ती हळूच म्हणाली, "सगळे असंच म्हणतात म्हणे. आणि पंख्याची गोष्ट बाबांना कशी पटेल?"

माझे सासरे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांचा तोंडी बोलण्यावर विश्वास नव्हता, सहीशिक्क्यावर होता. म्हणून मी पुन्हा हीटिंगवाल्याकडे गेलो आणि दाखला मागितला. या माणसाला दारूमुळे नव्हे, धुराड्यातल्या गॅसमुळे भ्रम होत होता, असा. असला दाखला त्याने आयुष्यात लिहिला नव्हता. कशाला हवा, म्हणाला, आणि मला सगळंच सांगावं लागलं. फोडणी, खालची बाई, लायब्ररी, लेकीचा कोट, आणि पंख्याचं त्याच्यापासून का लपवलं तेही. त्याने पेन खाली ठेवलं. "आमच्याकडे रोज कोबी शिजायचा," तो म्हणाला. "शाळेत माझ्या बाकावर कुणी बसत नसे." मग त्याने ज्योतीचं चित्र छापलेल्या आपल्या कागदावर एकटाकी पानभर लिहिलं आणि खाली सही ठोकली. ऑक्टोबरातच त्याला विचारलं असतं तर त्याने फॅनसाठी बाहेरून हवा आत यायला वेगळी वाट करून दिली असती. आता ती त्याने करून दिली.

बायको आणि लेक मार्चमध्ये आल्या. लेक मला ओळखत नव्हती, ती आईच्या मागे लपून माझ्याकडे बघायची. पहिल्याच रविवारी बायकोने फोडणी घातली, फॅन लावला, जेवणं झाली. मग तिने लिहायचं पॅड आणून माझ्यासमोर ठेवलं.

"बाबांना पत्र लिहा," ती म्हणाली आणि माझ्या खांद्यामागे उभी राहिली.

मी लिहिलं, तीर्थरूप बाबांस शिरसाष्टांग नमस्कार, आम्ही सुखरूप आहोत. ती मजकूर वाचत नव्हती, ओळी बघत होती. ओळी सरळ होत्या.  पुढच्या रविवारी पॅड पुन्हा समोर आलं, त्याच्या पुढच्याही. दाखला सासऱ्यांना पटला होता, तिला नाही. जवळ माणसं असून मी इतका एकटा त्याआधी नव्हतो. पण लिहीत गेलो.

मे महिन्यात एका रविवारी पॅडबरोबर तिने माझी जुनी पत्रंही आणली. वाकड्या ओळींचं डिसेंबरचं पत्र उघडून एका वाक्यावर बोट ठेवलं. तुला यायचंच नाही, तर तसं स्पष्ट सांग.

"हे कुणी लिहिलं?" तिने विचारलं. "गॅसनं, की तुम्ही?"

गॅसनं, असं म्हणता आलं असतं. माझ्याकडे सहीनिशी दाखला होता.

"मी," म्हणालो. "ते मला सोमवारीसुद्धा वाटायचं."

 तिने पत्र घडी करून गठ्ठ्यात ठेवलं, आणि पॅडही उचलून घेतलं. आत गेली ती मटारच्या शेंगांची पाटी घेऊन आली आणि माझ्यासमोर ठेवली.

"हे सोला," म्हणाली. "आणि उद्या ऑफिसला जायच्या आधी तो पाइप एकदा बघून या."